घारग्यांचा भोपळा आला कुठून?

दिवाळीच्या फराळाची यादी करायला बसले की चकली, करंजी, अनारसे, शंकरपाळे ही नावे आपोआप येतात. लाल भोपळ्याचे घारगे या यादीत क्वचितच असतात. घारग्यांना तसा मानाचा पाट कधी मिळालाच नाही. ते श्रावणातल्या एखाद्या सणाला होतात, नवरात्रात होतात, दिवाळीत जमलेल्या माहेरवाशिणींच्या मधल्या वेळच्या खाण्याला होतात आणि उरलेले डब्यात घालून दिले जातात. तरीही गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यातल्या कोणत्याही जुन्या घरात विचारा, ‘घारगे म्हणजे आपले अगदी परंपरेचे’ हेच उत्तर मिळेल. प्रस्तुत लेखात या ‘परंपरेच्या’ शब्दाचाच थोडा शोध घ्यायचा आहे, कारण घारग्यातला भोपळा आपल्या देशातला नाही.

आधी पदार्थ पाहू. पिकलेला लाल भोपळा किसायचा, त्यात चिरलेला गूळ घालून मंद आचेवर शिजवायचा. गूळ विरघळला की कीस स्वतःच पाणी सोडतो. ते गार झाले की मोहन, वेलची किंवा जायफळ, चिमूटभर मीठ आणि त्यात मावेल तेवढी कणीक व थोडी तांदळाची पिठी. वरून पाण्याचा थेंब घालायचा नाही. खसखस लावून जाडसर पुऱ्या थापायच्या आणि तळायच्या. पाणी भोपळ्याचे आणि गोडी गुळाची असल्याने घारगे तीन-चार दिवस सहज टिकतात. विदर्भात याच मिश्रणाची सैलसर बोंडे सोडतात. भोपळ्याची खीर आणि हलवा तर सगळीकडेच आहे.

आता भोपळ्याकडे वळू. आपल्याकडे तीन वेगळ्या वेली एकाच गोतावळ्यात धरल्या जातात. दुधी भोपळा (लाजेनारिया) आणि कोहळा (बेनिनकासा) हे जुन्या जगातले, आपल्याकडे फार प्राचीन काळापासून असलेले. लाल भोपळा मात्र कुकुर्बिटा या कुळातला आणि हे सबंध कूळ अमेरिका खंडातले. मेक्सिकोच्या वहाका प्रांतातल्या गिला नाकिट्झ या गुहेत या कुळातल्या एका जातीच्या लागवडीच्या बिया सापडल्या, त्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. कोलंबस १४९२ मध्ये त्या किनाऱ्याला लागेपर्यंत हा भोपळा आशियात कुणी पाहिलेला असणे शक्य नाही. म्हणजे चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या जेवणाची कितीही रसभरीत वर्णने असली, तरी त्या पंगतीत घारगे नव्हते. ज्ञानेश्वरांच्या काळातल्या कोणत्याही स्वयंपाकघरातही ते नव्हते.

मग तो आला कसा? मिरची, अननस, काजू ज्या वाटेने आले त्याच वाटेने, म्हणजे सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांच्या दळणवळणातून. गोवा १५१० मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटेही त्यांना मिळाली आणि १६६१ च्या विवाह-करारात ती इंग्लंडच्या राजाला देण्याचे ठरेपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. दादरचे ‘पोर्तुगीज चर्च’ १५९६ चे आहे. आपण रोज त्याच्यावरून जातो, पण आपल्या स्वयंपाकघराच्या इतिहासातला तो एक मैलाचा दगड आहे हे लक्षात घेत नाही.

आलेला पाहुणा घरचा झाला कसा, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर मला भाषेत दिसते. मराठीतला जुना ‘भोपळा’ म्हणजे दुधीच्या जातीचा, वाळल्यावर कडक कवटी होणारा. तंबोऱ्याचा भोपळा तो हाच. पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला बांधत तो हाच. तुकारामांच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत तीर्थयात्रेला पाठवलेला आणि स्नाने करूनही कडूच राहिलेला भोपळा हाही त्याच जातीचा. लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन लठ्ठ झालेली म्हातारी ज्यात बसून जंगल पार करते, तो भोपळा आज पुस्तकांतल्या चित्रांत नारिंगी असतो, पण आत शिरायला पोकळ आणि टणटणीत हवा तर तो वाळलेला जुना भोपळाच असायला हवा. चित्रकारांनी नकळत जुन्याच्या जागी नवा बसवला. नेमके हेच स्वयंपाकघरातही झाले. नव्या फळाला वेगळे नाव शोधण्याऐवजी त्याला ‘लाल’ किंवा ‘तांबडा’ असे विशेषण लावून जुन्याच घरात दत्तक घेतले.

दुसरी गंमत ‘काशीफळ’ आणि ‘गंगाफळ’ या नावांची. समुद्रापलीकडून आलेल्या फळाला थेट काशीचे आणि गंगेचे कूळ मिळाले! विदर्भात तर लाल भोपळ्यालाच ‘कोहळं’ म्हणतात. नावाबरोबर कोहळ्याचा मान आणि नियमही त्याच्याकडे आले. कोहळा हा बळीच्या पशूऐवजी देवीपुढे कापला जाणारा, म्हणून अख्खा कोहळा बाईने चिरू नये, पहिला घाव पुरुषाने घालावा असा संकेत आहे. अनेक घरांत हाच संकेत लाल भोपळ्यालाही लागू आहे. सुरी पुरुषाने एकदा टेकवायची, पुढचे किसणे, शिजवणे, तळणे अर्थातच बाईने!

धार्मिक आहारातही त्याला जागा मिळाली. ऋषिपंचमीची ऋषीची भाजी बैलाच्या कष्टाशिवाय पिकलेल्या भाज्यांची, म्हणजे जुन्यात जुन्या आहाराची आठवण मानली जाते. तिच्यात लाल भोपळा असतो आणि मक्याचे कणीसही असते. मकाही अमेरिकेचाच. अनेक घरांत श्राद्धाच्या पानात गवार-भोपळ्याची भाजी असते. उपासाला भोपळ्याचे भरीत चालते. आणि त्याच ताटातले बटाटा, रताळे, शेंगदाणे, मिरची, साबुदाण्याचा कंद हे सारे अटलांटिक ओलांडून आलेले. शास्त्राने नव्हे, तर शास्त्र सांभाळणाऱ्या बायकांनी हे ठरवले. वेलीवर येते, दिसायला कोहळ्यासारखे आहे, चव गोड आहे, मुलांना आवडते, तेव्हा चालेल.

मुंबईत भोपळ्याचे महत्त्व वेगळ्याच कारणाने वाढले. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवच्या गिरणीचा पाया घातला आणि पुढच्या काही दशकांत परळ-लालबागचे गिरणगाव झाले. कामगार आले ते मुख्यतः कोकणातून आणि घाटावरून. कोकणच्या परसात पावसाळ्यात चढलेला वेल गणपती ते दिवाळीच्या दरम्यान फळे देतो. देठासकट काढलेला, न चिरलेला भोपळा माळ्यावर किंवा शिंक्यात काही महिने राहतो. आगबोटीच्या प्रवासात तो नासत नाही, सांडत नाही. त्यामुळे नारळ, कोकम, कुळीथ यांच्याबरोबर चाकरमान्याच्या गाठोड्यात भोपळाही मुंबईला आला. दहा बाय दहाच्या खोलीत तो चिरला की एका बिऱ्हाडाला संपवणे अशक्य, म्हणून फोडी शेजारी जात. बाजारातही तो फोडीनेच विकला जातो. वाटून खाणे या फळाच्या आकारातच आहे.

पैशाचे गणितही होते. भोपळा पिठाला पुरवठा करतो आणि गूळ साखरेची गरज भागवतो. १९४३ मध्ये मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले, तेव्हा थोड्या कणकेत जास्त माणसांना गोड खाऊ घालणारा पदार्थ म्हणजे काय, हे या वस्तीला समजावून सांगावे लागले नसेल. गिरणगावातल्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. १९८२ च्या संपात गिरण्या थांबल्या, तेव्हा अनेक घरे अशाच बायकांच्या पोळपाटावर तगली. मोठ्या इतिहासात नाव न येणारे ज्ञान संसार कसे तारते, याचा याहून ठळक पुरावा शोधावा लागत नाही.

भोपळा तळण्याऐवजी भाजण्याची रीतही आपल्याकडे आहे. कोकणात तवसाच्या, म्हणजे जून काकडीच्या किसात रवा, गूळ, खोबरे घालून धोंडस करतात. पातेल्याखाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे, म्हणजेच बिनभट्टीची भट्टी. भोपळ्याचेही असेच करतात. गिरगावच्या खोताच्या वाडीसारख्या वस्त्यांतले ईस्ट इंडियन ख्रिस्ती नाताळात रवा-नारळाची ‘थाळी स्वीट’ भाजतात, पाठारे प्रभूंची भानवली अशाच वरखाली विस्तवाची. दिवाळीत नानकटाईचे पत्रे डोक्यावर घेऊन बेकरीत जाणारी पोरे चाळीतल्या अनेकांना आठवत असतील. पुढे झाकणाला काच असलेला ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन घरात आला आणि झाकणावरचे निखारे विझले.

भोपळा जिथला, त्या खंडातही तो सणाच्या पानात पोचला. अमेलिया सिमन्स यांच्या १७९६ च्या ‘अमेरिकन कुकरी’त पिठाच्या पारीत भाजलेल्या भोपळ्याच्या गोडाची कृती आहे. १८६३ मध्ये लिंकन यांनी आभारदिनाचा राष्ट्रीय सण जाहीर केला आणि भोपळ्याचा पाय त्या कौटुंबिक जेवणाचा शेवट झाला. आज तिथल्या मराठी घरांत घारग्यांसाठी डब्यातला भोपळ्याचा गर वापरतात. त्या डब्यात बहुधा कुकुर्बिटा मॉस्काटा ही जात असते, आणि आपला लाल भोपळाही बहुतांशी त्याच जातीचा. जगप्रदक्षिणा करून घारगे आपल्या भोपळ्याच्या माहेरी पोचले आहेत.

या सगळ्यातून घारगे ‘परके’ ठरतात का? मुळीच नाही. फार तर चारशे-साडेचारशे वर्षांचा पदार्थ पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी आपला झाला, आणि परंपरा याच रीतीने होते. पण मग ‘आपले’ आणि ‘बाहेरचे’ या तराजूने शेजाऱ्याचे पान तपासण्याचा हक्क कुणाला उरतो, याचा विचार करायला हवा. ज्या शहरात घर देताना माणूस काय शिजवतो हे विचारले जाते, तिथे हा प्रश्न केवळ पाकशास्त्राचा राहत नाही.

दुसरी काळजी अधिक साधी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० चे, कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची. छापील मराठी पाककृतींना अशी शंभर वर्षांची वाट आहे आणि वाटी-चमच्याचे माप तिने घरोघर पोचवले. पण घारग्यांच्या कृतीतले ‘मावेल तेवढी’ कोणत्याही वाटीत बसत नाही. प्रत्येक भोपळ्याचे पाणी वेगळे असते, आणि कणीक कुठे थांबवायची हे बोटांना कळावे लागते. चाळी पाडून टॉवर होत आहेत, जुनी बिऱ्हाडे बदलापूर-विरारला पांगली आहेत. येत्या दिवाळीत घरी कुणी थोरले माणूस घारगे थापत असेल, तर शेजारी बसून त्या पिठात एकदा हात घालून घ्यावा. हा दस्तऐवज कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही.