फॉरमॅट मारण्यापूर्वी : घरच्या संगणकातील बिघाडांचे निदान

संगणक बिघडला की घरोघरी दोन वाक्ये तयारच असतात. 'व्हायरस आला असणार' हे पहिले आणि 'फॉरमॅट मारावा लागेल' हे दुसरे. पहिल्यात कारण न तपासता ठरवलेले असते, दुसऱ्यात उपाय न तोलता. फॉरमॅटने बरेच बिघाड जातात हे खरे. पण बिघाडाबरोबर त्याचा पुरावाही पुसला जातो. मूळ कारण न कळल्यामुळे तोच ड्रायव्हर, तोच प्रोग्राम पुन्हा टाकला जातो आणि काही दिवसांत तीच तक्रार परत येते. घरच्या संगणकाच्या बहुतेक तक्रारींत दुरुस्ती सोपी असते. अवघड असते ते बिघाडाची जागा निश्चित करणे. ती कशी करावी, याचे हे विवेचन आहे. ते विंडोज १० आणि ११ यांच्यापुरते मर्यादित ठेवले आहे.

१. बिघाडाचे स्तर

संगणकावरचे साधे कामसुद्धा एकावर एक रचलेल्या स्तरांतून पार पडते. सर्वांत खाली यंत्रसामग्री असते : मदरबोर्ड, रॅम, डिस्क, वीजपुरवठा. तिच्यावर ड्रायव्हर, म्हणजे प्रत्येक उपकरणाशी बोलणारे छोटे प्रोग्राम. त्यावर विंडोजचा गाभा आणि पडद्याआड चालणाऱ्या सेवा. मग वापरकर्त्याचे खाते व त्यातील सेटिंग, आणि सर्वांत वर ब्राउझर, वर्ड, टॅली यांसारखे प्रोग्राम. इंटरनेटचा संबंध आला की राउटर आणि सेवा देणारी कंपनी हा बाहेरचा स्तरही जोडला जातो.

लक्षण जवळजवळ नेहमी वरच्या स्तरावर दिसते, कारण डोळ्यांसमोर तोच असतो. कारण मात्र खालच्या कुठल्याही स्तरात असू शकते. जुन्या डेस्कटॉपवर ब्राउझर उघडल्यावर बँकेपासून ईमेलपर्यंत प्रत्येक साइट 'तुमचे कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून अडवते, ही तक्रार घ्या. नेट चालू आहे, त्याच वायफायवर मोबाइलही नीट चालतो. पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख मात्र काही वर्षे मागची आहे. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा, नाण्याएवढा, ३ व्होल्टचा सेल असतो. तो संपला की मुख्य वीज बंद असताना संगणकाचे घड्याळ चालत नाही आणि तारीख मागे जाते. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला आरंभाची आणि मुदतीची तारीख असते. संगणकाच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नसते, म्हणून ब्राउझर साइट नाकारतो. इथे ब्राउझर काढून पुन्हा टाकणे, अँटिव्हायरस बदलणे किंवा विंडोज नव्याने भरणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. तारीख हाताने दुरुस्त केली की साइट उघडतात आणि सेल बदलला की तक्रार कायमची मिटते.

२. निदानाचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न : हे कधीपासून होते आणि त्याआधी काय बदलले? 'काहीच बदलले नाही' हे उत्तर बहुधा खरे नसते, कारण अपडेट आपोआप येतात. विंडोजमध्ये याची नोंदवही आहे. स्टार्टच्या शोधपट्टीत 'रिलायबिलिटी' टाइप केले की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' मिळते. तिथे दिवसवार तक्ता दिसतो. कोणता प्रोग्राम कधी कोसळला ते लाल खुणेने, आणि त्या दिवशी काय बसवले गेले किंवा अपडेट झाले ते त्याखाली. लाल खुणा ज्या तारखेपासून सुरू होतात, तिच्या एक-दोन दिवस आधीच्या नोंदी वाचाव्यात.

या प्रश्नाचे महत्त्व १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाला दिसले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल अपडेटमधून गेली आणि, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. ते सॉफ्टवेअर संस्थांसाठीचे असल्याने घरच्या संगणकांना फारशी झळ लागली नाही, पण धडा घरालाही लागू आहे. बदल कोणता झाला हे कळल्यावर उपाय एवढाच उरला : संगणक सेफ मोडमध्ये सुरू करायचा आणि ती फाइल पुसायची. ती कोणती हे ठाऊक नसते, तर लाखो संगणकांवर विंडोज नव्याने टाकत बसावे लागले असते.

दुसरा प्रश्न : हे कुठे होते आणि कुठे होत नाही? यातला 'होत नाही' हा भाग अधिक बोलका असतो. एखादी साइट नेहमीच्या खिडकीत बिघडते आणि खासगी खिडकीत नीट चालते, तर दोष एक्स्टेन्शनमध्ये किंवा साठलेल्या कुकीजमध्ये आहे. खासगी खिडकीत हे दोन्ही सहसा बाजूला राहतात. वर्ड एका खात्यावर कोसळतो आणि त्याच संगणकावर नवे खाते काढून पाहिले तर चालतो, म्हणजे प्रोग्राम शाबूत आहे, पहिल्या खात्यातील सेटिंग बिघडले आहे. सेफ मोडमध्ये विंडोज मोजकेच ड्रायव्हर घेऊन सुरू होते. तिथे तक्रार नाहीशी झाली, तर संशय नंतर बसवलेल्या ड्रायव्हरवर किंवा प्रोग्रामवर येतो. अशी प्रत्येक चाचणी एकेक स्तर संशयितांच्या यादीतून काढून टाकते.

तिसरा प्रश्न : हे दर वेळी होते का? ठरावीक कृतीनंतर हमखास होणारा बिघाड शोधायला सोपा, कारण त्याच्यावर शक्यता वगळत जाण्याची पद्धत चालवता येते. समजा, विंडोजबरोबर आपोआप सुरू होणारे ३२ प्रोग्राम आहेत आणि त्यांतला एक गोंधळ घालतो. एकेक बंद करून पाहिल्यास ३१ वेळा रिस्टार्ट करावे लागेल. निम्मे बंद करून पाहिले, मग दोषी निम्म्याचे निम्मे, असे केल्यास पाच फेऱ्यांत तो सापडतो. दोन प्रोग्रामांचे आपसात जमत नसेल, उदाहरणार्थ दोन अँटिव्हायरस एकत्र नांदत असतील, तर ही पद्धत अपुरी पडते. अशा वेळी जोडी शोधावी लागते. आणि कधी होणारा, कधी न होणारा बिघाड असेल, तर उष्णता, रॅम, वीजपुरवठा यांचा संशय आधी घ्यावा.

तिन्ही प्रश्नांना एकच पथ्य लागू आहे : एका वेळी एकच बदल. चार उपाय एकदम केले आणि संगणक सुधारला, तर कशाने सुधारला हे कळत नाही. बिघडला, तर कशाने बिघडला तेही नाही.

३. लक्षणांचे वर्ग

(क) मंदपणा. 'संगणक स्लो झालाय' ही तक्रार एक, तिची कारणे किमान तीन. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातले सीपीयू, मेमरी आणि डिस्क हे तीन रकाने पाहावेत. सीपीयू १० टक्के आणि डिस्क १०० टक्के असेल, तर प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट पाहतो आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एक फेरा पुरा करायला सुमारे ८ मिलिसेकंद लागतात, शिवाय वाचणारी सुई योग्य जागी न्यावी लागते. त्यामुळे विखुरलेल्या जागांवरून ती सेकंदाला सुमारे शंभर वेळाच वाचू शकते. एसएसडी हेच काम हजारो वेळा करते. सुरू होताना विंडोज असंख्य लहान फायली वाचते, म्हणून हार्ड डिस्कवर ती रखडते. इथे कितीही फॉरमॅट मारा, डिस्कची गती तीच राहणार. मेमरीचा रकाना सतत ९० टक्क्यांपलीकडे असेल, तर रॅम अपुरी आहे आणि विंडोज उरलेला पसारा डिस्कवर ठेवून काम भागवते आहे. सीपीयूचा रकाना भरलेला असेल, तर त्यात सर्वाधिक वाटा घेणारे नाव दोषी. लॅपटॉप सुरुवातीला चपळ असतो आणि गरम झाला की रेंगाळतो, असे होत असेल तर पंख्यात साचलेली धूळ पाहावी. तापलेला प्रोसेसर स्वतःची गती उतरवतो.

याच वर्गात एक गैरसमज फिरतो. 'रोज रात्री बंद करतो, सकाळी चालू करतो, तरी तक्रार जात नाही.' विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' ही सोय आली. तीत शटडाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जतन होतो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो. गाभ्यातला किंवा ड्रायव्हरमधला गुंता असा मुक्कामाला राहतो. पुरती नवी सुरुवात हवी असेल, तर शटडाउन न करता 'रिस्टार्ट' करावे.

(ख) कोसळणे. निळ्या पडद्यावर (विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्तीत तो काळा आहे) एक संकेतनाम दिसते. ते मोबाइलने टिपून ठेवावे. दर वेळी तेच नाव येत असेल, तर बहुधा एखादा ड्रायव्हर कारणीभूत असतो. दर वेळी निराळे येत असेल, तर रॅमचा संशय घ्यावा आणि विंडोजमधलीच 'मेमरी डायग्नॉस्टिक' चाचणी लावावी. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमधली 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद पाहून अनेक जण घाबरतात. संगणक रीतसर बंद न होता थांबला, एवढेच ती सांगते. लाइट गेली तरी तीच नोंद पडते. ती परिणामाची नोंद आहे. मूळ कारण दुसरीकडे शोधावे.

(ग) इंटरनेट. इथे पायरीपायरीने वर जावे. संगणकाचा आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. कंपनीला फोन लावण्यात अर्थ नाही. पत्ता ठीक असेल तर आधी राउटरला 'पिंग' करावे, म्हणजे उत्तर येते का हे तपासणारी आज्ञा द्यावी, मग ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला. राउटरकडून उत्तर येते आणि बाहेरून येत नाही, तेव्हा मात्र फोन कंपनीलाच लावावा. दोन्हीकडून उत्तर येते आणि तरी साइट नावाने उघडत नाही, तर नावाचे पत्त्यात रूपांतर करणारी डीएनएस सेवा अडली आहे, आणि तेवढे सेटिंग बदलणे पुरते.

(घ) मराठी अक्षरे. फाइल उघडल्यावर मजकूर वाचता येत नाही, म्हणजे ती 'करप्ट' झाली, असे समजून ती फेकली जाते. इथे तीन लक्षणे वेगळी ओळखावीत. रिकामे चौकोन दिसले, तर मजकूर बरोबर आहे, फॉन्टमध्ये देवनागरी नाही. साध्या रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग दिसली, तर मजकूर बहुधा श्रीलिपी, कृतिदेव किंवा सीडॅकच्या जुन्या फॉन्टमधला आहे. त्या पद्धतीत देवनागरीची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो फॉन्ट नसला की खालचे रोमन उघडे पडते. यावर उपाय मूळ फॉन्ट बसवणे किंवा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे. डोक्यावर मात्रेसारखी खूण असलेल्या रोमन 'ए'ची पुनःपुन्हा माळ दिसली, तर मजकूर युनिकोडचाच आहे, पण प्रोग्रामने तो चुकीच्या संकेतनाने वाचला आहे. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट दोनदा क्लिक करून उघडली की हे सर्रास होते. ती आयात करताना 'यूटीएफ-८' निवडले की नावे सरळ दिसतात. अशा वेळी दिसणारा कचरा 'सेव्ह' मात्र करू नये. तसे केल्यास वाचण्यातली चूक फाइलमध्ये कायमची जाऊन बसते.

(ङ) तथाकथित व्हायरस. उजव्या कोपऱ्यात दर थोड्या वेळाने 'तुमच्या संगणकात पाच व्हायरस आहेत' अशी पाटी येत असेल, तर ती पुष्कळदा एखाद्या साइटला नकळत दिलेल्या सूचना-परवानगीची देणगी असते. ब्राउझरच्या सेटिंगमधून ती परवानगी काढली की पाटी थांबते. त्या पाटीवरच्या नंबरला फोन करणे हाच खरा धोका.

४. उपायांची क्रमवारी

निदान झाल्यावर उपाय निवडताना कसोटी एकच : हा उपाय मागे घेता येतो का? मागे घेता येणारे आधी, न येणारे शेवटी. रिस्टार्ट, बदललेले सेटिंग पूर्ववत करणे, ताजा प्रोग्राम काढणे, ड्रायव्हर मागच्या आवृत्तीवर नेणे, सिस्टिम रिस्टोर, मग 'डिझम' आणि 'एसएफसी' या आज्ञांनी विंडोजच्या फायलींची दुरुस्ती, हा तो क्रम. रजिस्ट्री 'साफ' करणारे आणि सगळे ड्रायव्हर एका झटक्यात बदलणारे फुकट प्रोग्राम या क्रमात बसत नाहीत, कारण ते एकाच वेळी शेकडो बदल करतात आणि निदानाचा माग पुसतात.

कोणत्याही मोठ्या उपायाआधी दोन गोष्टी हाती असाव्यात. एक, फोटो आणि कागदपत्रांची दुसऱ्या डिस्कवरची प्रत. दुसरी, बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की. अनेक नव्या लॅपटॉपांत बिटलॉकरमुळे डिस्क आपोआप कूटबद्ध होते, आणि बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममध्ये, बदल केला की विंडोज ती की मागू शकते. ती नसेल तर डिस्क धडधाकट असूनही आतला डेटा मिळत नाही.

५. फॉरमॅटचे स्थान

फॉरमॅट हा उपाय आहे तशी ती एक चाचणीही आहे. त्यानंतरही बिघाड राहिला, तर दोष बहुधा यंत्रात आहे असे मानता येते. पण ही चाचणी फार महागडी, आणि तिची स्वस्त आवृत्ती उपलब्ध आहे. पेन ड्राइव्हवर लिनक्स घेऊन संगणक त्यावरून सुरू करावा. आतल्या डिस्कला हात न लावता पूर्ण प्रणाली चालते. तिथेही संगणक कोसळू लागला, तर दोष रॅम, वीज, उष्णता यांत आहे आणि फॉरमॅटचे पैसे वाया जाणार आहेत. तिथे दिवसभर सुरळीत चालला, तर संशय विंडोजवर किंवा डिस्कवर उरतो, आणि डिस्कची प्रकृती तिच्या 'स्मार्ट' अहवालात पाहता येते. मंदपणाची तुलना मात्र या मार्गाने होत नाही, कारण पेन ड्राइव्ह स्वतःच मंद असते. विंडोज सुरूच होत नसेल, तेव्हा याच लिनक्समधून फायली बाहेरही काढता येतात. डिस्क कूटबद्ध असेल तर अर्थात की लागते.

म्हणून फॉरमॅटचा निर्णय तीन अटींवर घ्यावा : यंत्र निर्दोष ठरले आहे, मागे घेता येणारे उपाय संपले आहेत, आणि डेटाची प्रत हाती आहे. या तिन्ही पुऱ्या झाल्यावर फॉरमॅट खुशाल मारावा, आणि नंतर प्रोग्राम एकदम न भरता एकेक करून टाकावेत. कारण सापडले नसेल, तर ते पकडण्याची तीच शेवटची संधी असते.