लॅपटॉप घेताय? ८० हजारांचा की ४५ हजारांचा, आधी काम बघा

दहावी-बारावीचे निकाल लागून डिप्लोमा आणि इंजिनीअरिंगचे प्रवेश सुरू झाले की तालुक्याच्या दुकानांत लॅपटॉपची चौकशी वाढते. पोराला मित्रांनी सांगितलेलं असतं, "गेमिंगवालाच घे, चार वर्षं बघायला नको." घरच्यांचं म्हणणं असतं, "सगळ्यात स्वस्त कोणता, तेवढं दाखवा." पैसे या दोन्हींत वाया जाऊ शकतात. पहिल्यात जी ताकद कधी वापरलीच जाणार नाही तिचे पैसे जातात. दुसऱ्यात वर्षभरात मशीन रडायला लागतं आणि परत खर्च येतो.

रक्कम छोटी नाही. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. त्या भावाने ८० हजारांचा लॅपटॉप म्हणजे १५ क्विंटल सोयाबीन आणि ४५ हजारांचा म्हणजे साडेआठ क्विंटलच्या आसपास. मधला फरक साडेसहा क्विंटलचा. बाजार समितीत हमीभाव मिळाला नाही तर पोती आणखी वाढतात. म्हणून दुकानाची पायरी चढण्याआधी काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या.

महाग आणि स्वस्त यात नेमका फरक कशाचा?

लॅपटॉपची किंमत मुख्यतः चार भागांवर ठरते.

रॅम: एकाच वेळी किती कामं उघडी ठेवता येतात, ते रॅमवर ठरतं. विंडोज ११ साठी कमीत कमी ४ जीबी रॅम लागते, पण ती फक्त चालू होण्यापुरती. ब्राउझरच्या पाच-सहा खिडक्या आणि एक एक्सेल उघडलं की ४ जीबीवाला अडकतो. आज ८ जीबीच्या खाली जाऊ नये. शिक्षणासाठी चार वर्षं वापरायचा असेल तर १६ जीबी बरी.

साठवण: इथे एसएसडी हा शब्द बघायचा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कपेक्षा एसएसडी कितीतरी पट वेगवान असते. लॅपटॉप मिनिटात चालू होणं किंवा चहा पिऊन होईपर्यंत वाट बघणं, हा फरक बहुतेक वेळा त्यामुळेच पडतो. अगदी स्वस्त मॉडेलमध्ये ६४ किंवा १२८ जीबीची ईएमएमसी साठवण असते. ती एसएसडीपेक्षा हळू असते, आणि विंडोजच्या अपडेटनेच भरत येते. ५१२ जीबी एसएसडी असली म्हणजे सहसा अडत नाही.

प्रोसेसर: सेलेरॉन, पेंटियम, अॅथलॉन किंवा इंटेलची एन मालिका ही हलक्या कामापुरती. त्यावर इंटेल आय ३ आणि रायझन ३, मग आय ५ आणि रायझन ५, आणि त्याहून वर आय ७ आणि रायझन ७. पण नुसतं "आय ५ आहे" यावर भुलू नये, पिढी विचारावी. दहा वर्षांपूर्वीचा आय ५ आजच्या आय ३ पुढे मागे पडतो. नव्या डब्यातही जुनं तंत्र असू शकतं. उदाहरणार्थ, रायझन ५ ७५२० यू या नावात आकडा मोठा दिसतो, पण आतली रचना २०१९ ला आलेल्या पिढीची आहे. क्रमांकाच्या शेवटी इंग्रजी यू अक्षर असेल तर तो कमी वीज खाणारा प्रोसेसर. एच असेल तर ताकद जास्त, पण गरम जास्त होतो आणि बॅटरी लवकर संपते.

ग्राफिक्स कार्ड: साध्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स असतं. गेमिंगच्या लॅपटॉपमध्ये आरटीएक्ससारखं वेगळं कार्ड असतं, आणि किंमत चढायचं मोठं कारण तेच. टायपिंग, टॅली, ऑनलाइन फॉर्म, व्हिडिओ लेक्चर यांना त्याचा काडीचा उपयोग नाही.

कोणाला कोणता पुरेल?

अकरावी-बारावी, नीट किंवा सीईटीची तयारी: व्हिडिओ बघणं आणि सराव परीक्षा एवढंच काम असेल तर लॅपटॉपची घाई नको. घरात बरा मोबाईल किंवा टॅब असेल तर तेवढ्यावर भागतं. ते पैसे पुढच्या प्रवेशासाठी ठेवावेत.

बीए, बीकॉम, बीएस्सी, कृषी पदवी, टॅली, एमएस-सीआयटी: नव्या पिढीचा आय ३ किंवा रायझन ३, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. हा खरा बजेट लॅपटॉप. याच्या खालचा घेतला तर बचत वर्षभरच दिसते.

कॉम्प्युटर डिप्लोमा, बीसीए, कॉम्प्युटर इंजिनीअरिंग: आय ५ किंवा रायझन ५, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. सी, जावा, पायथन शिकायला साधं मशीन चालतं. रॅम खातो तो अँड्रॉइड स्टुडिओसारखा प्रोग्राम. एआयचा अभ्यास करायचा तर सुरुवातीला गुगल कोलॅबवर मर्यादित वापरासाठी ग्राफिक्सची ताकद फुकट मिळते. तेवढ्यासाठी ८० हजार घालायची गरज नाही.

सिव्हिल आणि मेकॅनिकल: पहिल्या वर्षांतलं ऑटोकॅडचं साधं, सपाट ड्रॉइंग वरच्याच लॅपटॉपवर होतं. थ्रीडी मॉडेल, रेव्हिट, सॉलिडवर्क्स यांची मोठी कामं करायची असतील तेव्हा वेगळं ग्राफिक्स कार्ड उपयोगी पडतं. पण ते काम सहसा पुढच्या वर्षांत येतं आणि कॉलेजच्या लॅबमध्येही करता येतं. पहिल्याच वर्षी सगळ्यात महाग मशीन घ्यायची सक्ती कोणी करत असेल, तर कॉलेजमधल्या वरच्या वर्गातल्या मुलांना विचारून बघावं.

लग्नाचं शूटिंग आणि व्हिडिओ एडिटिंग: इथे मात्र महाग लॅपटॉप योग्य. फोर-के व्हिडिओ स्वस्त मशीनवर कापायला बसलं तर रात्र जाते आणि गिऱ्हाईक थांबत नाही. एच मालिकेचा प्रोसेसर, १६ ते ३२ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि १ टीबी एसएसडी लागते. वाचलेल्या वेळात एक ऑर्डर जास्त घेता आली तर पैसे निघतात.

आपले सरकार सेवा केंद्र, ऑनलाइन फॉर्मचं दुकान: ताकद मध्यम चालते, पण विंडोज हवं आणि यूएसबीची तोंडं जास्त हवीत. अंगठ्याचं मशीन, प्रिंटर, स्कॅनर सगळं जोडायचं असतं. क्रोमबुक स्वस्त दिसतं, पण त्यावर टॅली आणि विंडोजची इतर सॉफ्टवेअर थेट चालत नाहीत. मशीन कायम टेबलावरच राहणार असेल तर त्याच पैशात डेस्कटॉप जास्त ताकदीचा मिळतो, बिघडला तर सुटा भाग बदलता येतो. फक्त लाईट जाते तिथे यूपीएसचा खर्च धरावा.

गावात वापरायचा तर हेही बघा

साध्या लॅपटॉपचा चार्जर ४५ ते ६५ वॅटचा असतो, म्हणजे साधारण एका छताच्या पंख्याएवढा. गेमिंगचा चार्जर १५० ते २४० वॅटचा असतो, म्हणजे दोन-तीन पंख्यांएवढा. लोडशेडिंगमध्ये घरच्या इन्व्हर्टरवर कोणता टिकेल, ते यावरून कळतं. जड कामात गेमिंग लॅपटॉपची बॅटरी एक-दोन तासांतच संपते. साधा लॅपटॉप अभ्यासाच्या कामाला चार-पाच तास जातो. वजनही बघावं. रोज एसटीने जाणाऱ्या मुलाला दीड किलो आणि जड चार्जरसकट तीन किलो, यातला फरक खांद्याला कळतो.

चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे व्होल्टेज थोडं कमी झालं म्हणून लॅपटॉप सहसा बिघडत नाही. भीती असते लाईट परत येताना एकदम चढणाऱ्या दाबाची. त्यासाठी स्पाइक गार्ड आणि घराची नीट अर्थिंग करून घ्यावी. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर आधी अर्थिंग तपासावी. गोधडीवर किंवा गादीवर ठेवून वापरला की खालची हवेची भोकं बंद होऊन तो तापतो.

महाग लॅपटॉप घेतला म्हणून नेट वेगात येत नाही. गावात रेंजच दोन काड्या असेल तर दोन्ही मशीनवर फॉर्म तितकाच रेंगाळतो.

दुकानात विचारायचे प्रश्न

१. रॅम नंतर वाढवता येते का? स्लॉट रिकामा आहे का? काही मॉडेलमध्ये रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते, ती वाढत नाही. रॅम वाढवता येणारं मॉडेल असेल तर ८ जीबीवर सुरुवात करता येते. मात्र २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढले आहेत, त्यामुळे नंतरचा खर्च आजच विचारून घ्यावा.

२. विंडोज मूळ, लायसन्सचं आहे का? ऑफिस कायमचं आहे की एका वर्षाचं? वर्षाचं असेल तर पुढे दरवर्षी पैसे लागतात. नको असेल तर लिबरऑफिस फुकट आहे.

३. वॉरंटी घरपोच की सेंटरवर नेऊन द्यायची? सेंटर कोणत्या गावात? एका दुरुस्तीला जिल्ह्याच्या ठिकाणी दोन खेपा झाल्या तर मजुरी आणि भाडं दोन्ही जातं.

४. जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर सिरीयल नंबर. बिल नसेल तर वॉरंटीच्या वेळी अडचण येते.

पैसे देण्याआधी लॅपटॉप चालू करून सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि मग अबाउट उघडावं. रॅम आणि प्रोसेसर तिथे दिसतात. ते बिलाशी जुळवून घ्यावं.

हप्ता आणि जुना लॅपटॉप

"बिनव्याजी हप्ता" म्हटलं तरी प्रोसेसिंग फी, त्यावरचा जीएसटी आणि रोखीवर मिळणारी पण हप्त्यावर न मिळणारी सूट यांचा हिशेब कागदावर मांडावा. एकूण किती रुपये जाणार, हा एकच आकडा मागून घ्यावा. पीक हाती यायच्या महिन्यात आणि पेरणीच्या महिन्यात हप्ता सारखाच असतो, हेही लक्षात ठेवावं.

कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप जुन्या बाजारात मिळतात. मजबूत असतात, पण विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. त्याच्या मागचा कितीही स्वस्त मिळाला तरी टाळावा. बॅटरी किती वेळ टिकते ते दुकानातच चार्जर काढून बघावं.

फुकट लॅपटॉपच्या मेसेजपासून सावध

"सरकार विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देत आहे, लिंकवर नोंदणी करा" असे मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतात. केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने असे मेसेज खोटे असल्याचं सांगितलं आहे. आधार, बँक खातं किंवा ओटीपी देऊ नये. पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करावा. दुकानदार किंवा ऑनलाइन विक्रेता वॉरंटी, बदली नाकारत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

थोडक्यात

पैसे घालायचा क्रम असा धरावा: आधी एसएसडी आणि रॅम, मग नव्या पिढीचा प्रोसेसर, आणि काम तसं असेल तरच ग्राफिक्स कार्ड. पोरगं किंवा पोरगी कोणता कोर्स करणार आणि त्यात कोणती सॉफ्टवेअर लागणार, याची यादी कॉलेजकडून आणावी आणि तीच यादी दुकानदारापुढे ठेवावी. बहुतेक घरांना मधला लॅपटॉप पुरतो. उरलेल्या पैशांत वसतिगृहाची अनामत, पुस्तकं आणि एसटीचा पास बसतो.