कोकण किनाऱ्यावरील व्यापारी जहाजांची परकीय निशाणे व परवाने

सोळाव्या ते अठराव्या शतकांत कोकण किनाऱ्यावरून जाणारी अनेक व्यापारी जहाजे जप्ती टाळण्यासाठी स्वतःच्या सत्तेऐवजी परकीय सत्तेचे निशाण व परवाना वापरीत असत. जहाज 'कोणाचे' हे मालकावरून ठरवावे, मालावरून, कप्तानावरून की निशाणावरून, याविषयी सर्व सत्तांचे एकमत नव्हते. या मतभेदातूनच कान्होजी आंग्रे व मुंबईकर इंग्रज यांच्यात संघर्ष उद्भवला.

पार्श्वभूमी

पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकाच्या प्रारंभी 'कार्ताझ' नावाचा सागरी परवाना सक्तीचा केला. त्यात जहाजाचे नाव, आकारमान, नाखव्याचे नाव, शस्त्रे व जाण्याचे ठिकाण यांची नोंद असे. परवाना नसलेले जहाज जप्तीस पात्र ठरे. मात्र परवाना असूनही संरक्षणाची खात्री नसे. १६१३ मध्ये पोर्तुगिजांनी सुरतेजवळ पकडलेल्या, मोगल राजमाता मरियम-उझ-झमानी यांच्या 'रहिमी' जहाजाजवळ कार्ताझ होता. पुढे इंग्रज, फ्रेंच व डच कंपन्याही परवाने देऊ लागल्या. मराठी आरमाराचे परवाने 'दस्तक' या नावाने ओळखले जात.

वेषांतराच्या पद्धती

भारतीय वा आर्मेनियन मालक युरोपीय कप्तान नेमीत, युरोपीय कंपनीचा परवाना घेत आणि तिचे निशाण लावीत. काही जहाजांवर एकाहून अधिक सत्तांचे परवाने असत व समोर येणाऱ्या जहाजाचे निशाण पाहून त्यांतील योग्य तो दाखविला जाई. याच्या उलट प्रकारही होता. स्पॅनिश अमलाखालील मनिला बंदर इंग्रजांना बंद असल्याने मद्रासचे इंग्रज व्यापारी आपला माल आर्मेनियन वा भारतीय व्यापाऱ्यांच्या नावे तेथे पाठवीत.

क्वेडा मर्चंट

ही युक्ती अंगलट आल्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 'क्वेडा मर्चंट' हे जहाज. बंगालहून सुरतेकडे निघालेल्या या जहाजात आर्मेनियन व्यापाऱ्यांचा माल होता. कप्तान इंग्रज आणि परवाना फ्रेंच होता. जानेवारी १६९८ मध्ये मलबार किनाऱ्याजवळ विल्यम किड याने आपल्या जहाजावर फ्रेंच निशाण चढविले. ते पाहून फ्रेंच परवाना पुढे करण्यात आला. किड याला फ्रेंच जहाजे पकडण्याचा इंग्रज राजाचा अधिकार असल्याने त्याने हे जहाज कायदेशीर लूट म्हणून ताब्यात घेतले. त्याच्या खटल्यात हा परवाना न्यायालयासमोर आला नाही व १७०१ मध्ये त्याला लंडनमध्ये फाशी देण्यात आले. परवाना विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या दप्तरखान्यात सापडला.

आंग्रे–इंग्रज वाद

१७१३ मध्ये कान्होजी आंग्रे व इंग्रज यांच्यात तह झाला. त्यानंतर इंग्रज जहाज कोणते म्हणावे, हा प्रश्न उभा राहिला. भारतीय व्यापाऱ्यांची जहाजे इंग्रज परवान्यामुळे इंग्रज ठरत नाहीत. त्यांनी मराठी दस्तक घ्यावे, अशी कान्होजींची भूमिका होती. ती मान्य न केल्यास सागरी हक्क व त्यापासून मिळणारे उत्पन्न दोन्ही बुडाले असते. आपले निशाण असलेल्या जहाजाला आपलेच संरक्षण आहे, असे इंग्रजांचे म्हणणे होते. ते सोडले तर मुंबईच्या परवान्यावर कोणी विसंबले नसते.

इंग्रज निशाणाखालील 'सक्सेस' हे जहाज आंग्र्यांनी पकडल्यानंतर गव्हर्नर चार्ल्स बून याने १७१७ मध्ये विजयदुर्गावर व १७१८ मध्ये खांदेरीवर आरमार पाठविले. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी आजच्या रायगड जिल्ह्यातील कुलाबा किल्ल्यावर एकत्रित मोहीम काढली. या तिन्ही मोहिमा फसल्या. इंग्रजी लेखनात कान्होजींना दीर्घकाळ 'चाचा' म्हटले गेले. परंतु वादाचे मूळ परवाना देण्याच्या अधिकारात होते.

उत्तरकाल

१७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतल्यावर उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्ता खालावली. १७५६ मध्ये पेशवे व इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत तुळाजी आंग्रे यांचा पराभव होऊन विजयदुर्ग पडला आणि किनाऱ्यावर इंग्रज परवान्याचे वर्चस्व वाढले. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा कराराच्या ९२ व्या कलमानुसार, सोयीनुसार दोन किंवा अधिक देशांची निशाणे वापरणाऱ्या जहाजाला राष्ट्रीयत्व नसलेले जहाज मानता येते.