साक्षीदाराची जागा : ‘साल्वाडोर’ आणि इतिहास

ऑलिव्हर स्टोन यांचा ‘साल्वाडोर’ (१९८६) हा चित्रपट एल साल्वाडोरमधील यादवी युद्धाचा आरंभकाळ रिचर्ड बॉयल या अमेरिकी पत्रकाराच्या नजरेतून उभा करतो. बॉयल ही प्रत्यक्षातील व्यक्ती असून पटकथेचे सहलेखनही त्यांचेच आहे. ‘हे मी पाहिले आहे’ या दाव्यावरच चित्रपटाची विश्वसनीयता उभी आहे. तो दावा इतिहासाच्या कसोटीवर तपासून पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांच्या हत्येचा प्रसंग पाहावा. २४ मार्च १९८० रोजी एका रुग्णालयाच्या लहानशा प्रार्थनागृहात, दाराबाहेरून झाडलेल्या एकाच गोळीने त्यांचा बळी घेतला. चित्रपटात हीच हत्या गर्दीने भरलेल्या चर्चमध्ये, प्रसाद देताना, आणि बॉयलच्या उपस्थितीत घडते. हा बदल केवळ नाट्यमयतेसाठी केलेला नाही. पत्रकार घटनास्थळी असला, की सत्य जगापुढे येईल, असे गृहीतक त्यामागे आहे.

इतिहासाने मात्र हे गृहीतक खोटे ठरविले होते. डिसेंबर १९८१मध्ये एल मोसोते आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये लष्कराने शेकडो ग्रामस्थांची कत्तल केली. रुफिना अमाया ही स्त्री त्यातून वाचली. रेमंड बॉनर आणि आल्मा गिलेर्मोप्रिएतो या पत्रकारांनी तेथे जाऊन तिची साक्ष नोंदविली आणि २७ जानेवारी १९८२ रोजी ती दोन मोठ्या अमेरिकी दैनिकांत छापून आली. दुसऱ्याच दिवशी रेगन प्रशासनाने एल साल्वाडोरमध्ये मानवी हक्कांची स्थिती सुधारत असल्याचे प्रमाणपत्र दिले. लष्करी मदत चालूच राहिली. जानेवारी १९९२च्या शांतताकरारानंतर तेथे उत्खनन झाले, तेव्हा एकाच इमारतीत किमान १४३ जणांचे अवशेष सापडले. त्यांत बहुसंख्य मुलेच होती. तात्पर्य, साक्षीचा अभाव कधीच नव्हता; अभाव होता तो ऐकून घेण्याच्या तयारीचा.

चित्रपटाचा समतोलही याच संदर्भात तपासावा लागतो. बंडखोर कैद्यांना गोळ्या घालताना दिसतात आणि बॉयल त्यांना, तुम्हीही त्यांच्यासारखेच झालात, असे सुनावतो. नैतिकदृष्ट्या हा निषेध रास्तच आहे. परंतु संयुक्त राष्ट्रांच्या सत्य आयोगाकडे आलेल्या तक्रारींपैकी सुमारे ८५ टक्के तक्रारींत शासकीय दले आणि त्यांच्याशी संलग्न टोळ्या यांच्यावर ठपका होता. बंडखोरांवर सुमारे ५ टक्के. १९९३चा हा अहवाल स्टोन यांना उपलब्ध असणे शक्य नव्हते, हे खरे. तरीही प्रसंगाला प्रसंग तोलून धरणाऱ्या रचनेतून हिंसेचे प्रमाण निसटते, हा दोष रचनेचाच म्हणावा लागेल.

असे असूनही या चित्रपटाचा शेवट त्याच्या गृहीतकाला छेद देऊन जातो. बॉयल मारियाला मुलांसह अमेरिकेत आणतो. तेथे अधिकारी तिला बसमधून उतरवून नेतात. अत्याचारांची खरी साक्षीदार तीच असते. पण तिच्याजवळ कागदपत्रे नसतात. पाहणाऱ्याच्या हाती पारपत्र आणि भोगणाऱ्याच्या हाती काहीच नाही, ही विषमता चित्रपटाने कदाचित स्वतःच्याही नकळत नोंदविली आहे. रोमेरोंच्या हत्येच्या दृश्यात जे सत्य हरवते, ते या बसमध्ये सापडते. ‘साल्वाडोर’चे ऐतिहासिक मोल शोधायचे, तर ते येथेच शोधले पाहिजे.