शिसं नसलेली शिसपेन्सिल

जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांतल्या बायका फार वेळा मूर्च्छा येऊन पडतात. अशाच एका कादंबरीचं भाषांतर मी करत होते. नायिका कोसळते आणि मोलकरीण धावत 'हार्टशॉर्न' घेऊन येते. 'हार्ट' म्हणजे नर हरीण, 'हॉर्न' म्हणजे शिंग. मी बिनदिक्कत लिहून टाकलं, 'तिने हरणाच्या शिंगाची पूड नाकाशी धरली.' मुद्रितं वाचायला घेतली होती आमच्या एका स्नेह्यांनी. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी समासात लिहिलं : 'बाई शुद्धीवर येणार, की शिंकून शिंकून मरणार?'

दुसऱ्या दिवशी ते घरीच आले, खिशात नवसागराची पुडी घेऊन. कल्हईवाल्याच्या भट्टीपाशी पांढरा धूर उठतो, तो याच नवसागराचा. तंबाखूच्या डबीतला नखभर चुना काढून त्यांनी बशीत नवसागराबरोबर रगडला आणि बशी माझ्या नाकाखाली धरली. मी दोन पावलं मागे. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"हे घ्या तुमचं हार्टशॉर्न," ते म्हणाले.

अमोनिया! पूर्वी इंग्लंडमधले औषधवाले हरणाच्या शिंगांचा कीस बंद भांड्यात तापवून त्याची वाफ थंड करत. हातात येई तो उग्र अर्क, आणि सोबत एक पांढरा क्षार. गंमत अशी की अर्कही हार्टशॉर्न आणि क्षारही हार्टशॉर्न. तोच क्षार बिस्किटं फुगवायलाही वापरत. नुसता कीस उकळून जेली केली तर तीही हार्टशॉर्नचीच. पुढे अमोनिया दुसऱ्या वस्तूंपासून मिळू लागला, हरणं सुटली, नाव मात्र कितीतरी वर्षं सुटलं नाही. शब्दकोशात शिंग सापडतं. वास सापडत नाही.

ही अशी नावं फ्रान्समधल्या चौघांना खुपत होती. गितों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बर्थोले आणि फूर्क्र्वा यांनी १७८७ मध्ये रसायनांच्या नव्या नामकरणाचं पुस्तक काढलं. पदार्थ कुठून आला, दिसतो कसा, हे सोडा. त्यात आहे काय ते नावात सांगा. 'व्हिट्रिऑल' हे जुनं नाव काचेसारख्या स्फटिकांवरून पडलेलं. हिरवं व्हिट्रिऑल म्हणजे आपला हिराकस, निळं म्हणजे मोरचूद. हिराकस तापवून जे जहाल आम्ल निघे ते 'व्हिट्रिऑलचं तेल'. तेलाचा त्यात थेंब नाही! नव्या पद्धतीने ते गंधकाचं आम्ल झालं. मला ही शिस्त पटते, पण हिराकस हा शब्द उच्चारताना जीभ जशी सुखावते तशी 'फेरस सल्फेट'ने सुखावत नाही.

शिस्तीचीही एक फजिती झालीच. इंग्लंडच्या प्रीस्टलीला १७७४ मध्ये जो वायू सापडला, त्याला तो 'फ्लॉजिस्टन काढलेली हवा' म्हणायचा; फ्लॉजिस्टन म्हणजे जळणाऱ्या वस्तूंत असतं असं तेव्हा मानलं जाणारं द्रव्य. काही लोक 'व्हायटल एअर' म्हणत. लाव्हाझिएने 'ऑक्सिजन' हा शब्द घडवला, अर्थ 'आम्ल निर्माण करणारा'. आंबटपणा याच वायूतून येतो, अशी त्याची खात्री. मिठापासून होणाऱ्या आम्लात ऑक्सिजन मुळीच नाही, हे इंग्लंडच्याच हम्फ्री डेव्हीने १८१० मध्ये मांडलं. तोवर नाव रुळलं होतं, चुकीसकट. इंग्रजीने अडगळीत टाकलेल्या 'व्हायटल एअर'चा अर्थ मात्र आपल्या 'प्राणवायू'त तंतोतंत आहे. दवाखान्याबाहेरच्या रिक्षावाल्यालाही तो कळतो.

मला खरं वेड लावलं ते पेन्सिलीने. इंग्लंडच्या उत्तरेला कंबरलंडमध्ये बॉरोडेल नावाचं खोरं आहे. तिथल्या डोंगरात सोळाव्या शतकात काळं, चकचकीत, बोटाला लागणारं काहीतरी सापडलं. गावकरी त्याला 'वॅड' म्हणत. धनगर त्याने मेंढ्यांवर खुणा करत. तोफगोळ्यांच्या साच्यांना आतून लावायला ते उत्तम, त्यामुळे किंमत अशी चढली की १७५२ मध्ये पार्लमेंटला त्याच्या चोरीविरुद्ध खास कायदा करावा लागला. दिसायला शिशासारखं म्हणून पंडित त्याला 'प्लंबेगो' म्हणत आणि बाकीचे 'ब्लॅक लेड', काळं शिसं. (आपल्या चित्रकाचं शास्त्रीय नावही प्लंबेगोच, शिशाचा हा पिच्छा वनस्पतींनाही सुटला नाही.) हा कर्बाचाच प्रकार आहे, हे स्वीडनच्या शीलने १७७९ मध्ये दाखवलं. दहा वर्षांनी जर्मनीच्या व्हर्नरने 'लिहिणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला 'ग्राफाइट' म्हटलं. इतकं सगळं होऊनही इंग्रज 'लेड पेन्सिल'च म्हणत राहिले, आणि ती आपल्याकडे आली शिसपेन्सिल होऊन.

त्याच कादंबरीत पुढे मोलकरीण पहाटे उठून शेगडीच्या जाळीला 'ब्लॅक लेड' चोळते. मी लिहिलं होतं, 'तिने काळ्या शिशाने जाळी चकचकीत केली.' परत आलेल्या मुद्रितात 'शिशाने'वर काट होती आणि समासात मोठ्या अक्षरात 'ग्राफाइटने'.

मी फोन केला. "सर, दुरुस्ती मान्य. पण ही लिहिली कशाने?"

पलीकडून नेहमीच्या मास्तरी आवाजात उत्तर आलं, "शिसपेन्सिलीने. का?"