छापील वृत्त आणि जासुदाची खबर

इचलकरंजीच्या घोरपडे घराण्याचे मूळ पुरुष नारो महादेव हे सेनापति संताजी घोरपडे यांच्या पदरीं होते. तें सतराव्या शतकाचें अखेरचें पर्व. दक्षिणेंत मोगलांशीं घोर संग्राम चालला होता. परंतु त्याचें वृत्त छापून विकणारा एकहि मनुष्य मराठी मुलखांत नव्हता.

मुद्रणकला मात्र फार दूर नव्हती. गोव्यांत १५५६ सालींच छापखाना आला. फादर स्टीफन्स यांचें सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं राचोल येथें छापून निघालें. ओवी मराठी, लिपि मात्र रोमन. मुंबईंतहि भीमजी पारेख यांच्या खटपटीनें १६७४ सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें हेन्री हिल्स हा मुद्रक धाडला. पण देशी अक्षरांचे ठसे कोरण्याची विद्या त्यास अवगत नव्हती, आणि तो उद्योग फसला.

याच शतकांत युरोपांत निराळाच व्यापार उदयास आला. स्ट्रासबुर्गचा योहान कारोलुस हातानें लिहून मोजक्या धनिकांस वृत्त पुरवीत असे. १६०५ सालीं तो तेंच छापूं लागला. पुढें वीस वर्षांच्या आंतबाहेर अॅम्स्टरडॅमचे पुस्तकविक्रेते वृत्तपत्रांत नव्या ग्रंथांच्या जाहिराती देऊं लागले. वृत्तपत्र काय किंवा जाहिरात काय, दोहोंचा आधार एकच: ज्याचें नांवगांव ठाऊक नाहीं असा वाचक.

मराठी खबर याच्या अगदीं उलट. ती पत्रांतून जासुदाच्या हातीं जाई आणि तिच्या मायन्यावर नांव असे. जिच्या गुप्ततेवर फौजेचा जीव अवलंबून, ती चव्हाट्यावर कोण मांडणार? गोव्याचा ग्रंथहि श्रद्धावंतांकरितां होता. त्यास बाजार धुंडाळावा लागला नाहीं. म्हणून केवळ खिळ्यांच्या अभावीं येथें वृत्तपत्र निघालें नाहीं, असें म्हणणें अपुरें ठरतें. अनोळखी वाचकच अद्याप जन्मास यावयाचा होता.

यांत हानि रयतेची झाली. जिच्या शेतांतून फौजा जात, तिला उडत्या वार्तेवरच विसंबावें लागे. लाभ झाला तो इतिहासाचा. नांवानें आलेलें पत्र दप्तरांत जपून राहिलें, आणि अशाच दप्तरांवरून वासुदेवशास्त्री खरे यांनीं पुढें आपले ऐतिहासिक लेखसंग्रह सिद्ध केले. इचलकरंजी संस्थानाचा इतिहासहि त्यांनींच लिहिला.

बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत निघालें. मायन्यावर नांव नसलेल्या मराठी वाचकास तेव्हां कोठें हाक मारली गेली.