मागचं शेपूट छाटण्याची रीत

ई-मेलला उत्तर देताना समोरच्याच्या मजकुरातलं लागेल तेवढंच ठेवावं, बाकीचं छाटावं, हा आज शिष्टाचार म्हणून सांगितला जातो. त्याचं मूळ आहे टेलिफोनच्या बिलात.

१९७९ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी यूजनेट या संगणकांवरच्या चर्चाजाळ्याची कल्पना काढली. एका संगणकाने दुसऱ्याला फोन लावायचा आणि साठलेला मजकूर पुढे ढकलायचा, असा मामला. ३०० बॉडच्या मोडेमवरून सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं जात. ८० अक्षरांच्या २४ ओळी, म्हणजे एक भरलेला पडदा, पोचायला मिनिटाहून जास्त लागे. तोच मजकूर उत्तरासोबत परत पाठवणं म्हणजे ट्रंककॉल लावून समोरच्याला त्याचंच बोलणं ऐकवणं.

तरी लोक पाठवत, कारण ते सोपं झालं. बर्कलीच्या मेल प्रोग्रॅममध्ये जुना मजकूर आठ घरं आत सरकून येई. चार-पाच उत्तरांत ओळीला जागाच उरत नसे. १९८४ साली लॅरी वॉलने (पुढे पर्ल भाषा रचली तोच हा) 'आरएन' हा यूजनेट वाचायचा प्रोग्रॅम आणला. त्यात लहान एफ दाबला की कोरं उत्तर. मोठा एफ दाबला की अख्खा मूळ लेख, ओळीओळीला '>' लावून, आयता हजर. मग छाटत कोण बसतो?

शेवटी पहारा बसवावा लागला. 'बी न्यूज' हे यूजनेट चालवणारं सॉफ्टवेअर उद्धृत ओळी नव्या ओळींपेक्षा जास्त दिसल्या की लेखच नाकारी. लोक कसले वस्ताद! कुणी '>' बदलून दुसरं चिन्ह लावलं, कुणी तळाशी निरर्थक ओळींची भरताड केली.

ऑक्टोबर १९९५ मध्ये इंटेलच्या सॅली हॅम्ब्रिज यांनी आरएफसी १८५५ या इंटरनेट-शिष्टाचाराच्या दस्तऐवजात नियम लेखी मांडला: संदर्भ कळेल इतकाच मूळ मजकूर ठेवा. त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने भारतात इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं होतं. डायल-अपचं मीटर पळताना पाहणाऱ्यांना या नियमाचं कारण वेगळं सांगावं लागलं नसेल.

ऑफिसांनी मात्र उलटा रस्ता धरला. आउटलुकमध्ये उत्तर वर, जुना पत्रव्यवहार खाली. त्याला नुसता आळस म्हणणं अन्यायाचं होईल: मागाहून सामील झालेल्याला सगळं प्रकरण एकत्र मिळतं, आणि 'मी तेव्हाच कळवलं होतं' याचा पुरावाही राहतो. २००४ साली आलेल्या जीमेलने ते शेपूट दुमडूनच टाकलं.

लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारी मंडळी अजून जुनी रीत पाळतात:

> शनिवारी बैठक ठेवू या का?
चालेल, चारनंतर.
> हिशेब कोण आणणार?
मी.

वाचायला किती सुटसुटीत! पण कात्री लबाडही असते. 'योजना चांगली आहे, पण पैसे नाहीत' यातलं स्वल्पविरामापुढचं उडवलं की माणूस फुकट होकारात अडकतो. म्हणून कापलं तिथे '[स्निप]' लिहायची पद्धत होती, आणि '>' पुढच्या शब्दांत फेरफार करायला सक्त मनाई.